मिस्त्रीने बोट घेतली

धक्क्यावर एखादी बोट विकली जात असली की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा तिथला रिवाज होता. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. घेणारा स्वतः येऊन विचारेल तेव्हाच तोंड उघडायचं, आणि विचारलं असेल तेवढंच सांगायचं. इंजिनाचं विचारलं तर इंजिनाचं, जाळ्याचं विचारलं तर जाळ्याचं. आज आपण न विचारता कुणाचा सौदा मोडला, तर उद्या आपली बोट विकायच्या वेळी तोच माणूस दहा गोष्टी उकरून काढेल, ही खरी त्यामागची भीती. तिला सगळे भलेपणा म्हणायचे. मिस्त्रीही म्हणायचा. तीस वर्षांत मरायला टेकलेली कितीतरी इंजिनं त्याने डोळ्यांदेखत नव्या मालकांच्या गळ्यात पडताना पाहिली होती, आणि दर वेळी पान्यांची पेटी उचलून तो आपल्या टपरीत निघून गेला होता.

मिस्त्री म्हणजे इंजिनाचा मिस्त्री. धक्क्याच्या टोकाला, डिझेलच्या पिंपांच्या मागे त्याची पत्र्याची टपरी होती. आत एक लाकडी बाक, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, आणि जुन्या बिस्किटांच्या डब्यांत आकाराप्रमाणे लावलेले नट आणि वायसर. माणूस नीटनेटका, पण जिभेने तिखट. बंद पडलेलं इंजिन घेऊन आलेल्या मालकाला तो आधी चार शब्द सुनवायचा आणि मगच हात लावायचा. लोक ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे, कारण त्याच्याइतकी इंजिनाची नस कुणाला कळत नव्हती. त्याची तपासायची पद्धत बघायला तर बाहेरगावचे लोकही थांबायचे. चालू इंजिनावर तो हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची लाकडी मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. मिनिटाभराने डोळे उघडून सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." खोलून बघावं तर तिसऱ्याचाच. मिस्त्री दातांनी ऐकतो, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

ते कौतुक शब्दशः खरं होतं, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. मिस्त्रीचे कान गेले होते. तीस वर्षं बोटींच्या पोटात, इंजिनाला डोकं लावून काढल्यावर दुसरं काय होणार! एकदम नाही गेले. आधी पक्षी गेले, मग दाराची कडी, मग पाठीमागून मारलेली हाक. ती दोघं बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायची. खाली बर्फ फोडायचं यंत्र दिवसभर धडधडायचं, आणि त्याच्या नावाने दोघांनी वीस वर्षं बोटं मोडली होती. एक दिवस बायको म्हणाली, "आज दुपारपासून यंत्र बंद आहे, किती बरं वाटतंय नाही?" मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. त्याला यंत्र चालू असतानाही तितकंच बरं वाटत होतं. त्या दिवशी त्याला पुरतं कळून चुकलं.

कुणाला सांगायचं नाही, हे त्याने ठरवलं आणि बायकोने निभावलं. ती धक्क्यावरच जाळी विणायला बसायची. मिस्त्रीशी कुणी बोलायला आलं की हातातलं जाळं टाकून ही तिथे हजर. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून ते मोठ्याने परत म्हणायची. "काय म्हणता, धूर काळा येतोय?" "अगंबाई, परवाच बाहेर जायचंय म्हणता?" मिस्त्री तिच्या ओठांवरून उरलंसुरलं उचलायचा आणि उत्तर द्यायचा. लोकांना वाटायचं, बाई भलतीच तोंडाळ आहे. तिला पोपटीण म्हणायचे, तिच्या तोंडावरही म्हणायचे. ही बाई लग्न होऊन आली तेव्हा इतकी कमी बोलायची की सासूने तिला मुकी ठरवलं होतं. नवऱ्याच्या अब्रूसाठी तिने सहा वर्षं स्वतःचं हसू करून घेतलं आणि त्याबद्दल एका अक्षराने कधी त्याला ऐकवलं नाही. मिस्त्रीनेही कधी ते बोलून दाखवलं नाही. त्याला ते दिसत होतं की नाही, कोण जाणे.

पण दातांना सगळंच कळत नाही. इंजिनाची धडधड हाडांतून पोचते, बेअरिंग जायच्या आधी जी बारीक शीळ वाजते ती नाही पोचत. मागच्या वर्षी मिस्त्रीने एक इंजिन ठणठणीत म्हणून सोडलं आणि ते तिसऱ्या दिवशी भर समुद्रात जाम झालं. पाच माणसं दीड दिवस उन्हात तरंगत होती. मिस्त्रीने मालकाच्या अंगावर ओरडून, तेल भेसळीचं होतं, तुम्हीच स्वस्तातलं घेतलं असणार, असं त्याच्याच गळ्यात मारलं. बिचारा मालक खजील होऊन गेला. मिस्त्री मात्र आठवडाभर धड जेवला नाही. हे पुन्हा होणार, आणि एकदा का हे लोकांना कळलं की मग बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात कुणी इंजिन देणार नाही, हे त्याला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. लोकांना कळायच्या आत टपरी आपणहून बंद करायची, आणि बंद करायची ती असं काहीतरी हातात घेऊन की लोकांनी म्हणावं, मिस्त्री वर चढला. ते काहीतरी म्हणजे बोट.

बोट जाड्याची होती. जाड्याच्या तीन बोटी, त्यातली ही सर्वांत जुनी. मासेमारीची नव्हे, सामान नेणारी. लांब पाण्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना बर्फ, पिण्याचं पाणी, भाजी, डिझेल पोचवायचं आणि परत यायचं. मिस्त्रीच्या मते ह्या धंद्याला कान लागत नव्हते. सामान मोजायला डोळे पुरतात, सही करायला हात पुरतो. शिवाय इंजिन स्वतःचं, म्हणजे दुरुस्तीची ददात नाही. त्याने बायकोला हे तीन संध्याकाळी समजावलं. तिला बोट नको होती. तिला खालच्या मजल्यावरची खोली हवी होती. तिचे गुडघे गेले होते, आणि कारखान्यावरच्या त्या खोलीला बावीस पायऱ्या होत्या. त्या ती मधे बसून, दोन टप्प्यांत चढायची. गाठीला जे होतं ते खोलीसाठी होतं.

"आधी बोट, मग खोली," मिस्त्री म्हणाला. "दोन वर्षं कळ काढ. मग तुला जमिनीवर खोली घेऊन देतो, पुढे अंगण असलेली."

"मला अंगण नको," ती म्हणाली. "पायऱ्या नकोत एवढंच."

तरी तिने हो म्हटलं. नाही म्हणून तरी काय करणार होती? त्या माणसाला रात्रंदिवस भीती खात होती, आणि ती भीती तिच्याइतकी कुणी पाहिली नव्हती.

जाड्याने बोट तपासायला तीन दिवस दिले. गोड माणूस. "मिस्त्री, तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच बघा, तुम्हीच ठरवा," असं म्हणून त्याने किल्ली हातात ठेवली. बोट धक्क्याच्या उतारावर ओढून ठेवलेली होती. तळापासून वरपर्यंत फायबरचा थर चढवलेला, त्यावर निळा रंग, नुकताच दिलेला. मिस्त्रीने रंगावरून एकदा हात फिरवला, तळाला बाहेरून चार ठिकाणी बोटांनी ठोकून बघितलं आणि तो जो इंजिनाच्या खणात उतरला तो तीन दिवस तिथेच होता. अडीच दिवसांत त्याने इंजिनाचा एकेक भाग जिभेने चाटून बघायचा तेवढा बाकी ठेवला. इंजिन खरंच झकास होतं. लाकडाचं म्हणाल तर लाकूड म्हणजे त्याच्या लेखी इंजिन ठेवायची पेटी. पेटीत काय बघायचं?

आता लाकडाचं बघणारा माणूस धक्क्यावर होता. सुतार. बोटी बांधणारा, मोडणारा, फळ्या बदलणारा, मिस्त्रीइतकाच जुना. त्याला विचारायचं मिस्त्रीच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण सुताराशी बोलणं म्हणजे मिस्त्रीला शिक्षा होती. एक तर सुताराचा आवाज पुटपुटल्यासारखा. त्यात मिशा ओठांवर आलेल्या, आणि कहर म्हणजे तोंडात कायम चार-पाच खिळे धरलेले. खिळ्यांच्या फटीतून तो जे काही बोलायचा ते कान असलेल्यांनाही दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. मिस्त्रीला त्या तोंडावरून एक शब्द उचलता येत नव्हता. म्हणून गेली सहा वर्षं तो सुताराला लांबूनच हात करायचा. सुताराला वाटायचं, मिस्त्रीला गर्व आहे. तसा तो होताच, पण ह्या बाबतीत नव्हता.

बायको तपासणीला यायचं म्हणत होती. मिस्त्रीने तिला ताकीद देऊन घरी बसवलं. "बोट घ्यायला निघालोय, बाजाराला नाही. बायकोला शेजारी उभं करून बोट घेतलेली कुणी बघितली आहे का? लोक हसतील." ती म्हणाली, "लोक मला हसतात, तुम्हाला नाही." पण हे ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, त्यामुळे ते त्याला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री इंजिनाच्या खणात गुडघ्यांवर बसला होता. इंजिन चालू, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत, डोळे मिटलेले. अंगावर सावली पडली म्हणून त्याने डोळे उघडले. वर सुतार उभा होता. सुताराने आधी मागे वळून पाहिलं, जाड्या जवळपास नाही ना म्हणून. मग त्याने तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि तो बोलू लागला. वाकून, बराच वेळ, एका हाताने बोटीच्या मागच्या बाजूकडे दाखवत. मिशा हलत होत्या. मिस्त्रीच्या दातांतून इंजिन डोक्यात घुमत होतं आणि सुताराचा एकही शब्द त्याच्यापर्यंत येत नव्हता. इंजिन बंद करून 'काय म्हणालास?' असं विचारायला हवं होतं. पण मग तो पुन्हा पुटपुटणार, पुन्हा विचारावं लागणार, तिसऱ्यांदा विचारलं की त्याच्या डोळ्यांत ती शंका येणार. मिस्त्रीने ती शंका दोन-तीनदा दुसऱ्यांच्या डोळ्यांत येताना पाहिली होती आणि ओरडून, चिडून परतवून लावली होती. त्याने मूठ दातांतून काढली, मान डोलावली आणि आपला नेहमीचा हुकमी शब्द फेकला.

"ठाऊक आहे मला."

सुतार थांबला. त्याने काहीतरी विचारलं, तेही थोडकं. मिस्त्रीने पुन्हा मान डोलावली. "अरे ठाऊक आहे सगळं. तू तुझं काम बघ."

सुताराच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्याने खिळे एकेक करून परत तोंडात धरले आणि तो निघून गेला.

संध्याकाळी बायकोने रोजच्यासारखं विचारलं, कोण आलं होतं, कोण काय म्हणालं.

"सुतार आला होता. बरं चिंतायला आला असणार, दुसरं काय."

"म्हणजे? काय म्हणाला ते नाही कळलं?"

"खिळे काढून चांगला भाषण देत होता."

बायकोचा हात थांबला. "खिळे काढून? अहो, पोरीच्या लग्नातसुद्धा त्याने खिळे काढले नव्हते, अशी थट्टा करतात लोक त्याची. उद्या सकाळी त्याला गाठून विचारा. मी येते."

"काय विचारू? काल तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, असं?"

"मी विचारते."

"तू काही विचारायचं नाहीस!" मिस्त्री ओरडला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो नेहमीच गरजेपेक्षा मोठा निघायचा. खाली कारखान्याच्या दारात उभी असलेली माणसं वर बघू लागली, तेव्हा बायकोने खिडकी लावून घेतली. सकाळी मिस्त्रीने जाड्याच्या हातात रक्कम दिली आणि कागदावर सही केली.

त्यानंतरचे वीस दिवस मिस्त्री सुखात होता, हेही सांगायला हवं. धक्क्यावरचा चहावाला त्याला "या मालक" म्हणायला लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मिस्त्रीने ऐकू न आल्यासारखं केलं. प्रत्यक्षात त्याने ते त्याच्या ओठांवरून लख्ख वाचलं होतं, पण पुन्हा एकदा म्हणवून घ्यायचं होतं. बायकोला त्याने एकदा बोटीतून फिरवून आणलं. ती मधोमध फळीवर बसली, दोन्ही हातांनी कडा धरून, आणि सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. किती वर्षांत त्याचे खांदे इतके सैल झालेले तिने पाहिले नव्हते. तिच्याही मनात येऊन गेलं, आपणच उगाच घाबरत होतो. त्याने टपरी बंद केली. पाने विकून टाकले नाहीत, पण पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवले, जसे काही पुन्हा लागणारच नाहीत.

बोटीच्या पोटात पाणी यायचं. थोडं थोडं, रोज. मिस्त्रीला काळजी वाटली नाही. जुनी बोट म्हटल्यावर पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी यायचंच. त्याने तिथली पॅकिंग बदलली, बोल्ट आवळले, पाणी उपसायचा पंप दुरुस्त केला. पाणी वाढलं तसा त्याने मोठा पंप बसवला. मिस्त्री माणूस, त्याला प्रत्येक दुखण्यावर यंत्र सुचायचं. पाणी कुठून येतंय हे तो सतत इंजिनाच्या बाजूने शोधत होता, आणि पाणी येत होतं भलतीकडून.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो बर्फाच्या लाद्या भरून निघाला. आघाडीला बर्फ, मागे तो. बंदराच्या तोंडाशी समोरून एक मासेमारीची बोट परत येत होती. तिच्यावरची चारही माणसं कठड्याशी आली आणि हात हलवू लागली. मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या वर्षांत कुणा बोटीने त्याला असा मान दिला नव्हता. त्यानेही उभं राहून, अख्खा हात वर करून त्यांना हात केला. ती माणसं अजून जोरात हात हलवू लागली, उड्या मारू लागली. तोही हसला, आणि त्याने दुसराही हात वर केला. तेव्हा त्याच्या पावलांना गार लागलं. खाली बघितलं तर पायाखालची फळी पाण्यावर तरंगत होती आणि पंप केव्हाचा बंद पडला होता. पाण्याचा खळखळाट साऱ्या बंदराला ऐकू जात होता.

त्या चौघांनी दोर टाकून बोट ओढत आणली. बर्फ सगळा समुद्रात लोटावा लागला. उतारावर बोट चढवेपर्यंत निम्मा धक्का गोळा झाला होता. बायको हातातलं जाळं तसंच ओढत धावत आली. गुडघ्यांमुळे ती धावत आली असं म्हणणं धाडसाचंच, पण आली.

सुताराला कुणी बोलावलं नाही, तो आपणहून आला. त्याने मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, फायबरच्या थराला एक चीर दिली आणि तो हातभर सोलून काढला. आतून काळं पाणी आलं आणि कुजका वास सुटला. सुताराने पटाशी फळीवर टेकवली. ठोकली नाही, नुसती टेकवून दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. त्याने दुसरीकडे दाबली, तिथेही गेली. तळाच्या कण्यावर दाबली, तिथेही. गर्दीतून एक सुस्कारा निघाला. मिस्त्रीला तो ऐकू आला नाही, पण दिसला.

आपण काय गमावलं ते एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं. टपरी बंद केली होती, गाठीचं सगळं ह्या कुजक्या लाकडात गेलं होतं, आणि कान तर आधीच गेले होते. माणूस इतका खोलात गेला की समोर जो सापडेल त्याला धरतो. समोर सुतार होता.

"तुला माहीत होतं!" मिस्त्री गरजला. "तीस वर्षं एका धक्क्यावर काढली आपण! माझं घर बुडत होतं आणि तू बघत बसलास? एका शब्दाने सांगता नाही आलं?"

सुताराने तोंडातले खिळे काढले. तो बोलू लागला. मिस्त्रीच्या उजव्या बाजूला बायको उभी होतीच, आणि सवयीने, विचार न करता, तिने ते परत म्हणायला सुरुवात केली.

"काय म्हणता, सांगितलं होतं? तुम्ही सांगितलं होतं?" ती मोठ्याने म्हणाली. "जाड्याने दोन वर्षांपूर्वी तुम्हालाच फायबर चढवायला सांगितलं... लाकूड कुजलंय म्हणून तुम्ही नाही म्हणालात... आणि ते तुम्ही ह्यांना येऊन सांगितलंत? रिवाज मोडून?"

सुतार बोलतच होता. बायकोचा आवाज मात्र खाली येत गेला.

"आणि हे म्हणाले... ठाऊक आहे मला?"

मिस्त्रीने तिच्या ओठांवर ते वाचलं. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली होती. ठाऊक असून बोट घेतली म्हणावं तर गावभर मूर्ख ठरणार. ऐकू आलं नाही म्हणावं तर जे झाकण्यासाठी हे सगळं केलं तेच उघडं पडणार. तिसरी वाट एकच होती आणि मिस्त्रीने तिच्यावर पाऊल टाकलं.

"खोटं!" तो म्हणाला. "साफ खोटं बोलतोय हा. हा माणूस माझ्याशी चकार शब्द बोललेला नाही. अरे, सगळ्यांना ठाऊक आहे, ह्या धक्क्यावर न विचारता कोण कुणाला सांगतं? आता अंगाशी आलं म्हणून साधूपणा करतोय!"

लोकांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यांच्यापैकी कुणीच न विचारता बोलला नसता, मग सुतार तरी कसा बोलेल? एक-दोघे सुताराकडे बघून हसले. जाड्या मागे उभा होता, त्यानेही हळहळल्यासारखी मान हलवली. सुताराजवळ होतं काय? ना टपरी, ना बोट. ही फळी चालेल आणि ही चालणार नाही, असं तो म्हणायचा आणि लोक तेवढ्यावर जीव घालून समुद्रात जायचे. त्याच्या शब्दाला तेवढी किंमत होती आणि ती आत्ता सगळ्यांसमोर गेली. त्याचे हात खाली आले. हातातले खिळे त्याला परत तोंडात धरवेनात.

तेव्हा मिस्त्रीची बायको पुढे झाली. नवऱ्याकडे पाठ करून ती सुताराच्या आणि गर्दीच्या मधे उभी राहिली. मिस्त्रीला फक्त तिचा अंबाडा दिसत होता, आणि बोलताना हलणारी मान. ती फार बोलली नाही. एक वाक्य, फार तर दोन.

"काय सांगतेस त्यांना?" मिस्त्री ओरडला. "ए, काय सांगतेस?"

ती वळली नाही. आणि मिस्त्रीने पाहिलं, की त्याच्या ह्या ओरडण्यावर गर्दीतल्या एका माणसाने दुसऱ्याकडे बघितलं. मग तिसऱ्याने. चहावाल्याचं तोंड उघडं राहिलं. समुद्रात इंजिन जाम झालेला तो मालक मागच्या रांगेत होता, तो हळूहळू पुढे आला आणि मिस्त्रीकडे एकटक बघू लागला, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखा. कुणी हसलं नाही. हसले असते तर मिस्त्री त्यांना पुरून उरला असता. पण त्यांचे चेहरे एकेक करून मऊ पडत गेले, आणि त्याला कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

सुतार त्याच्याकडे आला. अगदी समोर, हातभर अंतरावर उभा राहिला. त्याने डाव्या हाताने मिशा ओठांवरून बाजूला केल्या, तोंड मोठं उघडलं आणि लहान मुलाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून, बोटीकडे हात दाखवत तो बोलला.

"मिस्त्री. फळ्या. बदलून. भागणार नाही. कणा. गेलाय. बोट. मोडावी. लागेल."

मिस्त्रीला एकूण एक शब्द कळला. सुतार इतकं स्पष्ट बोलू शकतो हे त्याला तीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

मग जो तो तसाच बोलू लागला. चहावाल्याने जवळ येऊन बोटांनी पेल्याची खूण केली आणि भुवया उंचावून विचारलं, चहा? जाड्यानेसुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड वेडंवाकडं करत, वाईट वाटतं, वाईट वाटतं, असं दोनदा म्हटलं. कुणीतरी माशांचा एक रिकामा खोका उलटा करून त्याच्या मागे ठेवला आणि त्याला दंडाला धरून त्यावर बसवलं.